आरव्हीच्या गरम पाण्याच्या टाकीतील झिजणारा दांडा

आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेले मोटारघर. त्यातील पाणी तापवण्याची टाकी बहुधा ६ किंवा १० गॅलनची, म्हणजे सुमारे २३ किंवा ३८ लिटर क्षमतेची असते. ती लहान असली, तरी गंज चढण्यासाठी लागणारे सारे काही तिच्यात एकत्र आलेले असते: धातू, पाणी, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन व क्षार, आणि रासायनिक क्रियांचा वेग वाढवणारी उष्णता. शिवाय प्रत्येक मुक्कामावर टाकीत वेगळे पाणी भरले जाते, त्यामुळे तिची झीज किती वेगाने होईल, हे एका प्रवासाच्या अनुभवावरून ठरवता येत नाही.

लोखंडाचे गंजणे ही विद्युत-रासायनिक घटना आहे. ओल्या पोलादाच्या काही जागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन धातूत सोडून आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, रूपाने पाण्यात उतरतात; हे इलेक्ट्रॉन धातूतूनच शेजारच्या जागी पोहोचतात आणि तेथे पाण्यातील ऑक्सिजन ते स्वीकारतो. धातूतून इलेक्ट्रॉन आणि पाण्यातून आयन असा हा प्रवाह सुरू राहतो, तोवर पोलाद झिजत राहते. पोलादी टाकीच्या आतून काचेसारखा मुलामा चढवून तो ८०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला भाजलेला असतो. हा मुलामा पाण्याला धातूपासून दूर ठेवतो खरा, पण त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यांपाशी आणि पाइप जोडण्याच्या भोकांच्या कडांना, आणि अशा ठिकाणी पोलाद उघडेच असते.

या उघड्या पोलादाचे रक्षण टाकीत बसवलेला अ‍ॅनोडचा दांडा करतो. लोखंडापेक्षा अधिक सहजपणे इलेक्ट्रॉन देणारा धातू त्याला विद्युतदृष्ट्या जोडला, की पाण्यात तो धातू विरघळतो आणि लोखंड सुरक्षित राहते. धातूंचा हा क्रम त्यांच्या प्रमाण विद्युतविभवावरून कळतो; ते जितके अधिक उणे, तितक्या सहजपणे धातू इलेक्ट्रॉन देतो: लोखंडासाठी ते उणे ०.४४ व्होल्ट आहे, जस्तासाठी उणे ०.७६, अ‍ॅल्युमिनियमसाठी उणे १.६६ आणि मॅग्नेशियमसाठी उणे २.३७. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट थर बसत असल्याने ते शुद्ध स्वरूपात या कामी फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून त्यात जस्तासारखे दुसरे धातू मिसळतात. मुलामा आणि दांडा यांची जोडी इतकी परिणामकारक ठरते, याचे कारण मुलाम्यामुळे उघडे पोलाद थोडेच उरते आणि त्याच्या रक्षणाला अल्पसा प्रवाह पुरतो.

ही कल्पना जुनी आहे. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात झिजत असे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये त्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून ही झीज थांबवता येते, हे दाखवून दिले. तांबे सुरक्षित राहिले, पण त्याचे विषारी आयन पाण्यात उतरेनासे झाल्याने जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू लागले व नौदलाला तो उपाय सोडून द्यावा लागला.

टाकीतही या रक्षणाचे काही अनिष्ट परिणाम दिसतात. दांडा मॅग्नेशियमचा असेल, तर त्याचा बराचसा भाग, जवळजवळ निम्मा, पोलादाला प्रवाह न देता थेट पाण्याशी क्रिया करून संपतो आणि त्यातून हायड्रोजन वायू निर्माण होतो. पाण्यात सल्फेट आणि त्यावर जगणारे जीवाणू असतील, तर ते हा हायड्रोजन वापरून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. अशा वेळी टाकी क्लोरीनयुक्त पाण्याने निर्जंतुक करून अ‍ॅल्युमिनियम व जस्ताच्या मिश्रधातूचा दांडा बसवणे हा योग्य उपाय आहे. वासाला कंटाळून दांडाच काढून टाकणे आणि त्या जागी साधा बूच लावणे, हे मात्र मला अत्यंत चुकीचे वाटते, कारण त्यानंतर झिजायला पोलादच उरते.

सबर्बन कंपनीच्या पोलादी टाक्यांमध्ये हा दांडा पाणी काढण्याच्या बुचालाच जोडलेला असतो, त्यामुळे टाकी रिकामी करताना तो आपोआप पाहिला जातो. गॅस व वीज दोन्ही बंद करावीत, पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे आणि दाब सोडणारी झडप उघडून दाब उतरवावा. त्यानंतरच बूच सैल करावे. दांडा खडबडीत, खड्डे पडलेला आणि बारीक झालेला दिसला, तर त्याने आपले काम केले आहे असे समजावे. सुमारे तीन चतुर्थांश भाग संपल्यावर तो बदलावा. टाकीत बराच काळ पाणी भरलेले असूनही दांडा नव्यासारखा राहिला असेल, तर उलट काळजी करावी, कारण बहुधा त्याचा टाकीशी विद्युतसंपर्कच होत नसतो. आट्यांवर टेफ्लॉनच्या फितीचे वाजवीपेक्षा जास्त वेढे दिल्यास असे होऊ शकते. दांडा बसवल्यावर बूच आणि टाकीचा धातू यांमधील रोध मल्टिमीटरने मोजला, तर शंका फिटते. रिकाम्या टाकीत विजेची कॉइल चालू केल्यास ती जळते, म्हणून गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येऊ लागेपर्यंत वीज सुरू करू नये.

अ‍ॅटवुड कंपनीच्या, म्हणजे आता डोमेटिक कंपनीच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्यांची रचना वेगळी आहे. त्यांच्या आतील बाजूस जस्तयुक्त अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो आणि तोच मूळ धातूच्या आधी झिजतो, त्यामुळे त्यांना दांडा लागत नाही. त्यांचे बूच नायलॉनचे असते. त्याऐवजी पितळेचे बसवल्यास दोन भिन्न धातूंचा संपर्क होऊन अ‍ॅल्युमिनियमचे आटे खराब होऊ लागतात.

वाहन दीर्घकाळ उभे राहणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ धुऊन काढावा, कारण दांड्याचे रक्षण पाण्यात बुडालेल्या भागापुरतेच असते आणि अर्धवट ओल्या टाकीतील उघडे पोलाद दमट हवेत गंजतच राहते. पाणी भरलेली टाकी दोन आठवडे किंवा अधिक काळ न वापरता राहिली असेल, तर तिच्यात हायड्रोजन साचलेला असू शकतो. गरम पाण्याशी जोडलेले कोणतेही विजेचे उपकरण सुरू करण्यापूर्वी गरम पाण्याचा नळ काही मिनिटे उघडा ठेवावा आणि तेवढ्या वेळात जवळपास कोणतीही ज्योत पेटवू नये.