वाचकांची वंशावळ

माझ्या टेबलाच्या खणात दोनशे पानी वही आहे. तिच्यात माणसांची नावं आहेत आणि नावांना जोडणाऱ्या रेघा. मी दर महिन्याला पुण्याच्या जुन्या पाण्यावर एक लेख लिहिते. काळा हौद, नाना हौद, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पेठांपर्यंत आणलेला नळ, त्या नळावरचे दगडी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे, असे विषय. लेख इंटरनेटवर ठेवते आणि ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवते. कुणा अनोळखी माणसानं लेखाबद्दल काही कळवलं, की त्याला एक प्रश्न आवर्जून विचारते : "हा लेख तुम्हाला कुणाकडून मिळाला?" उत्तर आलं की वहीत एक रेघ वाढते.

काही वर्षांनी ती वही उघडली तर समोर चक्क वंशावळ दिसली. आमच्या घरी आजोबांनी जपलेला कुलवृत्तांत आहे. त्यातला घडीचा कागद उलगडला की अशीच झाडं पसरतात. एक शाखा सात पिढ्या चालते, शेजारची दुसऱ्याच पिढीत थांबते आणि तिथे बारीक अक्षरात 'निर्वंश' असं लिहिलेलं असतं. माझ्या वहीतही तसंच होतं. कुणी लेख वाचला, भावाला पाठवला, भावानं मित्राला, मित्रानं वाचून ठेवून दिला. शाखा संपली.

शाखा का आणि कधी संपते, या प्रश्नाला गणितात मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधली नामांकित घराणी नाहीशी होत चालली आहेत, त्यांची आडनावंही पुसली जात आहेत, हे इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांच्या लक्षात आलं होतं. १८७३ मध्ये त्यांनी तो प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला : प्रत्येक पुरुषाला किती मुलगे होतील याच्या शक्यता माहीत असतील, तर एखादं आडनाव नामशेष होण्याची शक्यता किती? हेन्री वॉटसन या गणिती धर्मगुरूंनी उत्तर शोधायला घेतलं आणि पुढच्या वर्षी दोघांचा निबंध आला. त्यातल्या निष्कर्षात चूक होती, ती पुढे दुरुस्त झाली, पण रीत टिकली. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांना, साथीच्या रोगांना आणि हातोहात पसरणाऱ्या बातमीलाही तीच रीत लागू पडते. मुलग्यांच्या जागी वाचक घातले की झालं.

सगळी मदार एका आकड्यावर असते : एक वाचक सरासरी किती नवे वाचक आणतो? त्याला आपण गुणक म्हणू. हा आकडा एकापेक्षा कमी असेल तर साखळी कधी ना कधी थांबतेच. करोनाच्या दिवसांत 'आर' नावाच्या अशाच आकड्यावर आपण सगळे डोळे लावून बसलो होतो. तेव्हा तो एकाच्या खाली यावा म्हणून देव पाण्यात ठेवले होते. लिहिणाऱ्याला तो वर जायला हवा असतो. पण साध्यासुध्या लेखाचा गुणक एकाखालीच असतो आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कारण एकाच्या खालीही पुष्कळ जागा आहे.

समजा, मी लेख चाळीस जणांना पाठवला. गुणक ०.५ असेल, म्हणजे दोन वाचकांमागे एक नवा, तर चाळिसांचे वीस, विसांचे दहा, असं करत सगळे मिळून ८० वाचक होतात. गुणक ०.८ झाला तर २००. आणि ०.९ झाला तर ४००. सूत्र सोपं आहे : सुरुवातीच्या वाचकांना 'एक वजा गुणक' यानं भागायचं. आता ०.८ आणि ०.९ मधला फरक पाहा. दहा वाचकांमागे आठांऐवजी नऊ नवे आले, एवढाच. पण त्या एकामुळे एकूण वाचक दुप्पट झाले. हे गणित मी कितीदा तरी मांडून पाहिलंय आणि दर वेळी तितकंच थक्क होते. लेख हजारांना आवडावा म्हणून धडपडण्यापेक्षा, ज्या दहांना आवडला त्यांच्यातल्या आणखी एकाला तो कुणाला तरी द्यावासा वाटावा, हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आता गुणक एकाच्या वर गेला, १.२ झाला, असं धरू. तरी निर्धास्त होता येत नाही. किती नवे वाचक मिळतील हे प्रत्येक वाचकाच्या बाबतीत निव्वळ योगायोगानं ठरतं असं मानलं, तर एका वाचकापासून सुरू झालेली साखळी विझून जाण्याची शक्यता जवळजवळ ६९ टक्के निघते. सुरुवात दहा वेगवेगळ्या माणसांपासून झाली, तर दहाही साखळ्या विझण्याची शक्यता जेमतेम २ टक्के उरते. वंशावळीतही बघा, मूळ पुरुषाला एकच मुलगा असलेली शाखा पुसली जाण्याची भीती जास्त.

हे दहा जण कोण असावेत, हा मला सगळ्यांत आवडणारा भाग आहे.

माझे पहिले वाचक म्हणजे घरचे, कॉलेजच्या मैत्रिणी आणि आमच्या गल्लीतली मंडळी. ही सगळी माणसं एकमेकांना ओळखतात. मैत्रिणीनं पाठवलेला लेख आत्तेभावाकडे आधीच पोचलेला असतो आणि त्याच्या बायकोनं तो भिशीच्या ग्रुपवर टाकलेला असतो. म्हणजे रेघा भरपूर, पण सगळ्या त्याच त्या नावांभोवती घोटाळणाऱ्या. वहीतली सर्वांत लांब शाखा यांच्यापैकी कुणापासूनच निघालेली नाही. ती निघाली पर्वतीच्या पायऱ्यांवर रोज सकाळी भेटणाऱ्या एका काकांपासून. त्यांचं आडनावही मला तेव्हा माहीत नव्हतं. चढताना मान हलवायची, उतरताना "काय, आज उशीर?" म्हणायचं, एवढीच ओळख. एकदा टाकीजवळ दम खाताना पाण्याचा विषय निघाला आणि मी त्यांना नाना हौदावरचा लेख पाठवला. काकांनी तो आपल्या निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो आधी बिबवेवाडीला गेला, मग चिंचवडला, मग थेट सांगलीला, जिथे मी कुणालाही ओळखत नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्यानं नोकरीची बातमी दिली तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले अवघे १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २८ टक्के. जवळच्या माणसांना आपल्यासाठी काही करावंसं वाटतं, पण त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्यापाशी नवी बातमी असते, आणि आपली बातमीही तोच नव्या वर्तुळात नेऊ शकतो. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोकरी बदलताना सर्वांत उपयोगी पडल्या त्या मध्यम विरळ ओळखी, अगदी घट्ट नव्हेत आणि अगदी नावापुरत्याही नव्हेत. पर्वतीवरच्या काकांची ओळख तशीच म्हणायची.

माणसांच्या जाळ्यांचा अभ्यास करणारे डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी १९९८ मध्ये याचं गणितही दाखवलं. सगळे फक्त शेजाऱ्यांशी जोडलेले असतील तर बातमीला या टोकापासून त्या टोकाला जायला खूप हात लागतात. त्यातल्या मोजक्या रेघा उचलून लांब कुठेतरी जोडल्या, की सगळं जाळं एकदम जवळ येतं. लांबच्या थोड्याच रेघा पुरतात. हे वाचल्यापासून मी प्रत्येक लेख निदान दोन अशा माणसांना पाठवते, ज्यांचं माझ्या गल्लीशी काही नातं नाही. वाण्याच्या दुकानात भेटणारे वायरमन, पासपोर्टच्या रांगेत ओळख झालेल्या बाई. आधी विचारून पाठवते, कारण न विचारता आलेला लेख म्हणजे डोक्याला ताप.

पण लेख हाती आला म्हणून माणूस तो वाचतोच असं नाही. आणि वाचला तरी पुढे देतोच असंही नाही.

वाचायला लावते ती उत्सुकता. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये तिची जी उपपत्ती मांडली ती मला पटते : आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत हवं, यातली फट जाणवली की मन बेचैन होतं. फट जाणवण्यासाठी आधी थोडंसं तरी माहीत असावं लागतं. २००९ मधल्या एका प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून मेंदूचं चित्रण केलं. ज्या उत्तरांबद्दल लोकांना अर्धवट खात्री होती तिथे उत्सुकता सर्वांत जास्त होती. अजिबात ठाऊक नसलेल्या आणि पक्क्या ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल ती कमी. मी एका लेखाला 'अठराव्या शतकातील जलव्यवस्थापन' असं नाव दिलं होतं, तो फारसा कुणी उघडला नाही. तोच मजकूर पुढे 'शनिवारवाड्यात पाणी कुठून यायचं?' या नावानं दिला आणि वहीत रेघाच रेघा वाढल्या. शनिवारवाडा प्रत्येकानं पाहिलाय, कारंजंही पाहिलंय, पाण्याचा विचार मात्र केलेला नाही. फट आधीपासून होतीच, ती दाखवायची राहिली होती.

पुढे द्यायला लावते ती भावना, पण कुठलीही नव्हे. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन या अमेरिकी संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्समधले सुमारे ७००० लेख तपासले आणि कुठले लेख लोक ईमेलनं जास्त पाठवतात ते पाहिलं. २०१२ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार विस्मय, संताप, धास्ती अशा अंगात चलबिचल उठवणाऱ्या भावना लेखाला पुढे नेतात. नुसती उदासी त्याला जागीच बसवते. संताप लेख पसरवतो हे खरं, तरी मी तो मार्ग घेणार नाही. विस्मयही तेच काम करतो आणि वाचक परत येतो तो विस्मयासाठीच, असा माझा अनुभव आहे.

एवढं करूनही काही लेख का चालतात आणि काही का नाही, याचं पूर्ण उत्तर कधीच मिळत नाही. २००६ मध्ये मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि वॉट्स यांनी १४,३४१ लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येक गटाला आपल्याच गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हे दिसत होतं. एका गटात वर गेलेलं गाणं दुसऱ्या गटात मधेच कुठेतरी होतं. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, टुकार गाणी सहसा माथ्यावर पोचली नाहीत, पण मधल्या सगळ्या गाण्यांचं नशीब सुरुवातीला कुणाचा हात लागला यावर ठरलं. पैशाकडे पैसा जातो, तसा वाचकांकडे वाचक जातो. पडलेला लेख मी दोन वर्षांनी नव्या दहा जणांना पुन्हा पाठवते, तो यासाठीच. तो वाईटच होता असं एका फेरीवरून ठरत नाही.

आता एक दुखणं. लेख पसरतो आणि माझं नाव गळून पडतं. चौथ्या-पाचव्या हाताला खाली 'व्हॉट्सॲपवरून साभार' एवढंच उरतं. कुणाच्या मनात चोरी नसते, कॉपी करताना शेवटची ओळ सुटते, इतकंच. पण त्यानं वंशावळ तुटते. ज्या वाचकाला लेख आवडला त्याला पुढचा लेख कुठे मिळेल हे कळायला वाटच राहत नाही. म्हणून मी नाव आणि ठिकाण शेवटी न देता पहिल्या परिच्छेदातच, वाक्याच्या ओघात घालू लागले. मधलं वाक्य सहसा कुणी कापत नाही. व्हॉट्सॲपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, आधीच पुष्कळ हातांतून गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे निरोप ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनं सांगितलं. अफवांचा गुणक खाली आणायला हे हवंच होतं. लेखाच्या वाट्याला मात्र एकेका माणसानं निवडून दिलेला एकेक हात आला, आणि मला तो जास्त विश्वासाचा वाटतो.

दुसरी वाट शोधातून येणाऱ्यांची. तिथे मराठीचे स्वतःचे खाचखळगे आहेत. जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण यंत्राच्या आत तो भलत्याच चिन्हांचा असतो, त्यामुळे शोधात सापडत नाही. प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं हे सोडवलं. तरी 'ॲ' हे अक्षर एकच चिन्ह म्हणून लिहिता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखी, साध्या शोधाला वेगळी. शिवाय आपली सामान्यरूपं आहेतच. लोक 'हौद' शोधतात आणि मी लिहून बसते 'हौदांकाठच्या'. म्हणून पहिल्या दोन ओळींत तरी शब्द मूळ रूपात आणते, पेठेच्या नावासकट.

पुण्यात हा उद्योग जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला हे मासिक सुरू केलं. त्याचे ८४ अंक निघाले, त्यातलं जवळपास सगळं लेखन त्यांचं एकट्याचं. त्याच्या कितीतरी आधी, १८४८ मध्ये, इथे सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं होतं, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. वाचनालयात आलेला एक अंक किती हातांतून जातो याचा विचार केला, की गुणक शब्दाला चेहरा येतो.

गेल्या आठवड्यात धनकवडीहून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमागे दगडी मनोऱ्यासारखं काहीतरी उभं आहे, मुलं त्यावर क्रिकेटचे स्टंप आखतात. "तुम्ही लिहिलेला तो उच्छ्वास हाच का?" मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. लेख त्यांना मुलीच्या स्कूलव्हॅनच्या काकांनी पाठवला होता. काकांना कुणी पाठवला ते ताईंना माहीत नव्हतं. वहीत मी काकांचं नाव लिहिलंय आणि मागे तुटक रेघ काढून ठेवलीय. रविवारी सकाळी धनकवडीला जायचं ठरलंय. टेप आणि कॅमेरा बरोबर घेणार आहे. त्या दिवशी व्हॅनला सुट्टी असते, म्हणून ताईंनी काकांनाही बोलावलंय.