बिनपासिंगची स्कूटर (कोकण)

बिनपासिंगची स्कूटर म्हणजे नंबरप्लेट, आरसी (नोंदणीचा कागद), लायसन्स, इन्शुरन्स यातलं काहीच न लागणारी, हळू पळणारी इलेक्ट्रिक दुचाकी. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे मोटरची पॉवर 250 वॅटपेक्षा कमी, स्पीड ताशी 25 किमीपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असलं की कायदा तिला मोटार वाहनच मानत नाही. पण हे शोरूमवाल्याच्या सांगण्यावर ठरत नाही, पुण्याच्या एआरएआयसारख्या टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट लागतं, ते आधी मागून बघावं.

अलिबाग, नागाव, रेवदंडा किंवा गुहागरसारख्या सपाट किनाऱ्यावर बाजारहाटापुरती ही गाडी झकास. पण हर्णैहून वर दापोलीला निघालात, मागे कोणी बसलेलं आणि पुढे तांदळाची पिशवी, की चढाला जीव काढते बिचारी. मग कोणीतरी सांगतं की वायर काढ, स्पीड अडवणारं लॉक उघडतं, स्पीड वाढतो, आणि इथेच खरी गोची आहे कारण स्पीड वाढला की सूट गेली, ती गाडी आता बिननोंदणीचं मोटार वाहन झाली, त्याला पहिल्या वेळी 5000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि कोणाला धडक बसली तर इन्शुरन्स नसल्यामुळे भरपाई स्वतःच्या खिशातून.

गंमत म्हणजे पासिंगवाली इलेक्ट्रिक घेतली तरी सरकारी खर्च फार नसतो. साध्या पेट्रोल दुचाकीला नोंदणी फी 300 रुपये आणि वर रोड टॅक्स. बॅटरीवाल्या गाड्यांना आरसी काढायची आणि रिन्यू करायची फी केंद्राने 2 ऑगस्ट 2021 ला माफ केली, आणि राज्याच्या ईव्ही (इलेक्ट्रिक वाहन) धोरणात रोड टॅक्सही माफ आहे. उरतो तो मुख्यतः इन्शुरन्स, नव्या दुचाकीला थर्ड पार्टी (म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा) एकदम 5 वर्षांचा. नंबर नेहमीसारखाच, पेणला एमएच 06, सिंधुदुर्गात 07, रत्नागिरीत 08, फक्त पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी (भाड्याच्या गाडीला अक्षरं पिवळी).

ई-रिक्षाचं मात्र वेगळं. तिचाही स्पीड 25 च, पण मोटर 4000 वॅटपर्यंत चालते आणि माणसं भाड्याने न्यायची असतात, म्हणून नोंदणी आणि लायसन्स दोन्ही लागतं. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी, तिथे सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक म्हणून ज्या आल्या त्या ह्याच.