फ्रेड हॅम्प्टन : शिकागोतल्या एका संघटकाची पार्श्वभूमी

४ डिसेंबर १९६९च्या पहाटे शिकागोच्या पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनला त्याच्याच घरात, बिछान्यात, गोळ्या घालून मारलं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीच्या इलिनॉय राज्यातल्या शाखेचा हा अध्यक्ष तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता. त्याच्याविषयीचं बहुतेक बोलणं त्या पहाटेभोवतीच फिरत राहतं. मला त्याआधीची तीन-चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. एवढ्याशा पोराची सरकारला इतकी धास्ती का वाटली, त्याचं उत्तर त्याने बांधलेल्या माणसांत आहे.

त्याचे आईवडील मूळचे लुइझियानाचे. दक्षिणेतला वंशभेद आणि शेतातली पिळवणूक मागे टाकून विसाव्या शतकात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेले, त्यांतलेच हे दोघं. शिकागोला लागून असलेल्या समिट-आर्गो भागात मक्यापासून स्टार्च काढायचा मोठा कारखाना होता, तिथे त्यांना काम मिळालं. ३० ऑगस्ट १९४८ रोजी फ्रेडचा जन्म झाला. ओळखीतल्या टिल कुटुंबाच्या एमेटला फ्रेडची आई सांभाळायची. हा एमेट टिल १९५५ साली सुट्टीत मिसिसिपीला नातेवाइकांकडे गेला. दुकानातल्या गोऱ्या बाईची छेड काढल्याचा आळ घेऊन त्याला घरातून उचलून नेलं आणि हालहाल करून मारलं. त्याचं वय १४ वर्षं. फ्रेड त्याच आठवड्यात ७ वर्षांचा झाला.

पुढे कुटुंब मेवूड या उपनगरात राहायला आलं. उत्तरेत ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या नव्हत्या, पण आजूबाजूच्या गावांतल्या पोहण्याच्या तलावांत काळ्या मुलांना प्रवेश नसे. एनएएसीपी या जुन्या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक युवक शाखेचं नेतृत्व फ्रेडकडे आलं, आणि मेवूडमध्ये सगळ्यांसाठी तलाव हवा ही मागणी त्याने लावून धरली. शाखेची सभासदसंख्या ५००च्या घरात गेली. माणसं जमवायची, त्यांना कामाला लावायचं, नगरपालिकेच्या बैठकीत जाऊन जाब विचारायचा, हे सगळं तो इथे शिकला. कायद्याच्या शिक्षणाच्या तयारीसाठी त्याने कॉलेजात नावही घातलं होतं. पोलिसांना कायदा दाखवता यावा, हा त्यामागचा हेतू.

एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शिकागोच्या वेस्ट साइड या काळ्यांच्या वस्तीत दंगल पेटली. ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ साली ओकलंडमध्ये काढलेली ब्लॅक पँथर पार्टी तोवर तरुणांना खुणावू लागली होती. १९६८च्या अखेरीस बॉबी रश आणि इतर साथींबरोबर फ्रेडने पक्षाची शाखा शिकागोत उभी केली. शाळेत जाण्याआधी गरीब मुलांना मोफत नाश्ता मिळू लागला, मोफत दवाखान्याची जुळवाजुळव झाली, पहाटे राजकीय शिक्षणाचे वर्ग भरू लागले. पँथर म्हटलं की डोळ्यांपुढे बंदूक येते; शिकागोच्या वस्तीतल्या बायाबापड्यांनी मात्र त्यांना आधी नाश्त्याच्या ताटापाशी पाहिलं.

त्याचं सगळ्यात धाडसी काम १९६९चं आहे. शहराच्या अपटाउन भागात कोळशाच्या खाणी सोडून आलेले ॲपलेशिया या डोंगराळ भागातले गरीब गोरे राहत. त्यांच्या ‘यंग पेट्रियट्स’ संघटनेची पोरं दक्षिणेतल्या गुलामगिरीवाद्यांचं निशाण अंगावर मिरवत. लिंकन पार्कमध्ये प्वेर्तो रिकोच्या तरुणांची ‘यंग लॉर्ड्स’ होती, तिचा नेता होसे ‘चा चा’ हिमेनेस. पँथरांचा कार्यकर्ता बॉब ली अपटाउनमध्ये जाऊन बसला. त्याने लोकांना बोलतं केलं, तेव्हा दिसलं की घरमालक लुटतो, पोलीस मारतात आणि नगरविकासाच्या नावाखाली वस्ती उठवतात ही तक्रार तिन्हीकडे एकच आहे. त्यातून ‘रेनबो कोअलिशन’ ही आघाडी उभी राहिली. निशाण आधी उतरवा, मग बोलू, अशी अट हॅम्प्टनने घातली नाही. एकत्र काम करता करता त्या पोरांनी ते पुढे स्वतःच टाकून दिलं. वंशद्वेषाला उलट्या वंशद्वेषाने उत्तर द्यायचं नाही, एकजुटीने द्यायचं, हे तो सभेत सांगायचा आणि तसं करूनही दाखवायचा.

हा धागा आपल्याकडेही पोचतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती ब्लॅक पँथर डोळ्यांसमोर ठेवून, आणि १९७३च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दात भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी आणि स्त्रियांनाही घेतलं. पुढे त्यावरून संघटनेत वाद झाले, तरी मला या दोन प्रयत्नांत एकच ओढ दिसते.

एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा प्रमुख एडगर हूव्हर याला नेमकी हीच ओढ नको होती. काळ्यांच्या चळवळीला एकत्र बांधणारा ‘मसीहा’ उभा राहू देऊ नका, असं त्याच्या खात्याच्या मार्च १९६८च्या गुप्त टिपणात लिहिलेलं आहे. शिकागोतल्या ब्लॅकस्टोन रेंजर्स टोळीच्या म्होरक्याला एफबीआयने निनावी पत्र धाडलं की पँथर तुझ्या जिवावर उठलेत. हेतू दोघांना एकमेकांच्या अंगावर घालण्याचा. मोटारचोरीत सापडलेला विल्यम ओनील खबऱ्या झाला आणि शाखेच्या सुरक्षेचा प्रमुख बनला. हॅम्प्टनला ७१ डॉलरचं आइस्क्रीम पळवल्याच्या खटल्यात तुरुंगवासाची शिक्षा झाली. अपिलाच्या जामिनावर तो ऑगस्ट १९६९मध्ये बाहेर आला.

मग ओनीलने घराचा नकाशा काढून दिला, त्यात हॅम्प्टनचा बिछानाही दाखवला होता. काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) सरकारी वकील एडवर्ड हॅनराहन याच्या हाताखालचे १४ पोलीस पावणेपाचच्या सुमारास घरात घुसले. पिओरिया शहराचा २२ वर्षांचा पँथर मार्क क्लार्क आधी मेला, मग हॅम्प्टन. शेजारी त्याची गरोदर जोडीदार होती. महिन्याअखेरीस तिला मुलगा झाला. चकमक झाली असं हॅनराहन सांगत होता. पोलिसांनी घर सील केलं नाही, म्हणून पँथरांनी ते लोकांना खुलं केलं. हजारो लोक रांगेने येऊन भिंती पाहून गेले. आतून झालेल्या गोळीबाराच्या खुणा म्हणून वर्तमानपत्रात छापलेली भोकं खिळ्यांची डोकी निघाली. संघराज्याच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, मोजलं, तेव्हा पोलिसांच्या गोळ्या ८२ ते ९९ भरल्या आणि पँथरांची एक.

त्या मृत्यूंसाठी कुणालाही तुरुंगवास झाला नाही. ओनीलला एफबीआयने ३०० डॉलर बक्षीस दिलं. पुरावे दडपल्याच्या आरोपातून हॅनराहन १९७२मध्ये सुटला, पण काहीच दिवसांनी झालेल्या निवडणुकीत काळ्या मतदारांनी त्याला पाडलं. कुटुंबीय आणि वाचलेल्यांचा दिवाणी दावा मात्र वकिलांनी सोडला नाही. १९८२मध्ये केंद्र सरकार, काउंटी आणि शहराने मिळून १८.५ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. पुढच्याच वर्षी काळ्या, लॅटिनो आणि काही गोऱ्या मतांच्या जोरावर हॅरोल्ड वॉशिंग्टन शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला. त्याच्यासाठी हिमेनेसने लॅटिनो वस्त्यांत प्रचार केला, आणि बॉबी रश त्याच वर्षी नगरसेवक म्हणून निवडून आला.