पहिला नंबर दोघांचाही

ऑक्टोबर २०१२ मध्ये जगातल्या पीसीचे तिमाही आकडे आले आणि पहिल्या नंबरावर दोन कंपन्या दिसल्या. बाजाराचे आकडे गोळा करणाऱ्या गार्टनर या संस्थेच्या यादीत लेनोवो १५.७ टक्के, एचपी १५.५. आयडीसी या तशाच दुसऱ्या संस्थेच्या यादीत एचपी १५.९, लेनोवो १५.७. म्हणजे लेनोवोचा वाटा दोन्हीकडे तोच, फिरली ती एचपी. अभियंते वापरतात ती ताकदवान वर्कस्टेशन आयडीसी मोजते, गार्टनर मोजत नाही, असं एचपीने लगेच सांगितलं. त्या तिमाहीत सुमारे पावणेनऊ कोटी यंत्रं बाजारात गेली होती, त्यातला ०.२ टक्का म्हणजे पावणेदोन लाख. एवढ्यावर पहिला नंबर इकडचा तिकडे होतो.

शाळेतला अपूर्णांक आठवा. आपण अंशाकडे बघत राहतो, पण वाद बहुतेकदा छेदाचा असतो: संगणक म्हणायचं कशाला? २०११च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या तिसऱ्या संस्थेने आयपॅडही पीसीत धरला. दीड कोटी आयपॅड आणि पन्नास लाख मॅक मिळून ॲपल १७ टक्क्यांसह पहिली आली. गार्टनर आणि आयडीसी यांच्या पहिल्या पाचांत ती नव्हतीच.

शिवाय हे आकडे असतात कंपनीकडून निघालेल्या मालाचे. दुकानदाराच्या गोदामात पडून असलेला लॅपटॉपही त्यात ‘विकला’ जातो.

मग वापरच मोजावा, तर तिथे गुंता आणखी वाढतो, आणि मला खरा रस तिथेच आहे. मे २०१२ मध्ये स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीत क्रोम या ब्राउझरने इंटरनेट एक्सप्लोररला मागे टाकलं. त्याच महिन्यात नेट ॲप्लिकेशन्स या दुसऱ्या संस्थेच्या मोजणीत एक्सप्लोरर निम्म्याहून अधिक होता! पहिली संस्था उघडलेली पानं मोजायची, दुसरी दिवसाला येणारी माणसं. समजा, क्रोमवाल्याने ९८ पानं उघडली आणि एक्सप्लोररवाल्याने दोन. पहिलीच्या लेखी क्रोम ९८ टक्के, दुसरीच्या लेखी ५०. त्यात नेट ॲप्लिकेशन्स प्रत्येक देशाला तिथल्या इंटरनेट वापरणाऱ्यांच्या संख्येनुसार वजन द्यायची, त्यामुळे चीनचा हिस्सा वाढायचा आणि तिथे एक्सप्लोरर भरपूर चालायचा. स्टॅटकाउंटर असं वजन देत नव्हती.

माझ्या मते दोन्ही मापं प्रामाणिक होती. संकेतस्थळ बनवणाऱ्याला पानांची मोजणी उपयोगी, आणि जुना ब्राउझर किती जणांकडे उरलाय हे शोधणाऱ्याला माणसांची. चूक होते ती एका संस्थेचा या वर्षीचा आकडा दुसरीच्या गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून ‘घसरण’ जाहीर करण्यात. बातम्यांत हे सर्रास चालतं आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

विंडोजसह घेतलेल्या लॅपटॉपवर कुणी घरी विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकली, तर विक्रीच्या हिशेबात तो विंडोजचाच राहतो. वेबच्या हिशेबात तो लिनक्सचा होतो, तेही ब्राउझरने आपली खरी ओळख सांगितली तरच.