दाताच्या मुळाची नक्कल सोडून दिल्यावर

नैसर्गिक दात जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो. त्याची जाडी साधारण 0.2 मिलिमीटर भरते आणि दात अक्षरशः या तंतूंवर टांगलेला असतो. चावताना तो किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. भातात खडा लागला की जबडा क्षणार्धात थांबतो, तोही मुख्यतः याच थरातल्या चेतातंतूंमुळे. दात काढला की हा थरही जातो आणि तो परत तयार करणे अजून दंतवैद्यकाला नेहमीच्या उपचारात साधलेले नाही. इम्प्लांटच्या, म्हणजे गेलेल्या दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायच्या कृत्रिम आधाराच्या, आराखड्यातले बहुतेक निर्णय या एका उणिवेतून निघतात.

विसाव्या शतकाच्या मध्याला जबड्यात धातूची पाती बसवण्याचे किंवा हाडावर धातूचा सांगाडा टेकवून त्यावर दात उभारण्याचे बरेच प्रयोग झाले. शरीर अशा वस्तूभोवती बहुधा तंतुमय ऊतीचे वेष्टण तयार करी. काही जाणकारांना ते इष्टच वाटे, कारण गेलेल्या थराची जागा हे वेष्टण घेईल अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. नैसर्गिक दाताचे तंतू एका टोकाला मुळात आणि दुसऱ्या टोकाला हाडात रुजलेले असतात, म्हणून ते भार पेलतात. या वेष्टणातले तंतू मात्र धातूच्या पृष्ठभागाला समांतर पसरतात आणि त्याला कुठेच धरून ठेवत नाहीत. भार पडत गेला की पाते हलू लागे, वेष्टण जाड होई, जंतूंना वाट मिळे आणि शेवटी आजूबाजूचे हाडही झिजलेले असे.

वाट सापडली ती दातांशी संबंध नसलेल्या एका संशोधनातून. स्वीडनमधील लुंड येथे 1952 च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या छोट्या कक्षातून ते सूक्ष्मदर्शकाने जिवंत ऊती पाहत. काम संपल्यावर हे महागडे कक्ष काढून पुन्हा वापरायचे होते, पण हाडाने ते इतके घट्ट धरले होते की ते निघेनात. 1965 मध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. 2006 मध्ये त्या रुग्णाचा मृत्यू झाला, तोवर ते काम देत होते. तरीही स्वीडनबाहेरच्या दंतवैद्यांचा विश्वास बसायला 1982 ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली, आणि दीर्घकालीन निरीक्षणे समोर ठेवल्यावरच तो बसला. मला ही दिरंगाई योग्य वाटते. आधीच्या पात्यांनी पुरेसे जबडे बिघडवले होते.

टायटॅनियमच का, याचे उत्तर बरेचसे त्याच्या पृष्ठभागात आहे. हवेशी संपर्क येताच या धातूवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा धरतो. शरीरातल्या द्रवांचा संबंध येतो तो या थराशी, आणि तो गंजत नाही. शिवाय पोलाद हाडाच्या साधारण दहापट ताठ असते, टायटॅनियम पोलादाच्या निम्म्याने. जोडीदार जितका ताठ, तितका भार हाडाकडे असमान पोहोचतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे.

पण हाड धातूला धरते ते सवडीने, आणि तोपर्यंत इम्प्लांटने स्वतःच्या बळावर स्थिर राहायचे असते. बसवलेला स्क्रू हाडाच्या तुलनेत साधारण 100 ते 150 मायक्रोमीटरपेक्षा जास्त हलत राहिला, तर तिथे हाडाऐवजी पुन्हा तंतुमय ऊतीच तयार होते. म्हणजे केसाच्या जाडीएवढी हालचाल सगळे काम वाया घालवू शकते. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. सुरुवातीची पकड जुन्या हाडाची असते. शरीर ते हाड पोखरून त्या जागी नवे घालते, आणि या अदलाबदलीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सर्वांत कमजोर असते. नेमके तेव्हाच रुग्णाला काही दुखत नसते आणि त्याला वाटते की आता चावायला हरकत नाही.

ही सुरुवातीची पकड स्क्रूच्या आट्यांवर अवलंबून असते. हाड दाब उत्तम सोसते, ताण त्याहून कमी आणि कातरबल, म्हणजे पृष्ठभागाला समांतर घसरवणारे बल, सर्वांत कमी. गुळगुळीत दांडा हाडात उभा केला तर चावण्याचा भार त्याच्या बाजूंवर कातरबल म्हणून उतरतो. आटे त्यातला बराच भाग दाबात बदलतात. आट्याचा आकार त्रिकोणी असावा की चौकोनी, दोन आट्यांतले अंतर किती असावे, खोली किती असावी, यावर कंपन्यांचे आराखडे वेगळे होतात. पोकळ हाडासाठी खोल आणि रुंद आटे उपयोगी पडतात. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातल्या घट्ट हाडात तेच आटे घातले तर हाडावर गरजेपेक्षा जास्त दाब येतो. सुताराला सागवान आणि थर्माकोल यांत एकाच मापाचे भोक पाडून चालत नाही, तसेच इथे आहे: मऊ हाडात भोक मुद्दाम अरुंद ठेवतात, म्हणजे स्क्रू शिरताना आजूबाजूचे हाड दाबून घट्ट करतो. ड्रिल फिरताना खारट पाण्याची धार सोडतात, कारण हाडाचे तापमान 47 अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी त्यातल्या पेशींना इजा होते.

सुरुवातीचे स्क्रू लेथवर कापलेले, दिसायला चकचकीत असत, आणि ते बसवल्यावर खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा महिने थांबावे लागे. पुढे पृष्ठभागावर वाळूसारख्या कणांचा मारा करून तो आम्लात धुण्याची पद्धत आली. साधारण 1 ते 2 मायक्रोमीटर खडबडीतपणा हाडाला सर्वाधिक मानवतो असे आढळले, आणि थांबण्याचा काळ अनेक रुग्णांत काही आठवड्यांवर आला. याहून खडबडीत करण्यात फायदा नाही. उलट हाड आटून तो भाग उघडा पडला, तर त्यावर जंतूंचा थर साचतो आणि साफ करणे फार कठीण होते. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा धूम्रपान चालू असेल, तर ही जोखीम वाढते.

भार सर्वाधिक एकवटतो तो हाडाच्या वरच्या कडेशी. म्हणून स्क्रू लांब करण्यापेक्षा जाड करणे अनेकदा अधिक उपयोगी ठरते. जाडी वाढवायला हाडाची रुंदी पुरली पाहिजे, आणि दात काढल्यावर पहिल्या वर्षातच ती जवळपास निम्म्याने घटू शकते. याच कडेशी इम्प्लांट आणि त्यावर बसून कृत्रिम दात पेलणारा जोडभाग यांच्यातली बारीक फट येते आणि तिच्यातल्या जंतूंमुळे हाड काहीसे मागे हटते. रुंद इम्प्लांट बाजारात आले तेव्हा त्यांच्या मापाचे जोडभाग उपलब्ध नव्हते, म्हणून काही दंतवैद्यांनी त्यांवर नेहमीचे अरुंद जोडभाग बसवले. नंतरच्या एक्स-रेमध्ये तिथले हाड अपेक्षेपेक्षा कमी हटलेले दिसले. फट आपोआप आत सरकून हाडापासून दूर गेली होती. आता अनेक इम्प्लांट हेच ध्यानात ठेवून घडवतात.

वर बसवायची कॅप, म्हणजे दाताचा दिसणारा कृत्रिम भाग, घडवतानाही तंतूंच्या थराची उणीव विसरता येत नाही. निरोगी दात उभ्या भाराखाली साधारण 25 ते 100 मायक्रोमीटर दबतो, इम्प्लांट जेमतेम 3 ते 5. दोन्ही अगदी सारख्या उंचीवर ठेवले तर जोरात चावताना शेजारचे दात दबतात आणि सगळा भार इम्प्लांटवर येतो. म्हणून त्याची कॅप हलक्या चाव्यात समोरच्या दाताला जेमतेम टेकेल अशी घासतात. दाढ असेल तर तिचा चावण्याचा पृष्ठभागही थोडा अरुंद ठेवतात. वाढत्या मुलांच्या जबड्यात इम्प्लांट सहसा बसवत नाहीत, कारण शेजारचे दात जबड्याबरोबर खाली-वर सरकत राहतात आणि हाडाला चिकटलेला स्क्रू जागच्या जागीच राहतो.

कॅप सिमेंटने चिकटवायची की स्क्रूने आवळायची, यावर दंतवैद्यांत अजून मतभेद आहेत. सिमेंटने ती दिसायला नेटकी होते, पण हिरडीखाली निसटलेला सिमेंटचा कण सूज आणतो आणि हाडही खातो. माझा कल स्क्रूकडे आहे, कारण काही वर्षांनी कॅप फुटली किंवा स्क्रू सैल झाला तर ती न मोडता काढता येते. त्यासाठी दाढेच्या मधोमध एक भोक राहते. स्क्रूच्या डोक्यावर टेफ्लॉनची टेप ठासतात, तीच पांढरी टेप जी प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो, आणि वरून दाताच्या रंगाचे फिलिंग भरून ते बुजवतात.