मण्यात पाणी उतरतं तेव्हा

14व्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा इथली द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने नोंदवून ठेवलं. थाप वाटेल, पण नाही. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते, मार्च-एप्रिलात जागी होते. मराठवाड्यात तिला झोपवण्याएवढी थंडी पडतच नाही. छाटली की फुटते. फार तर काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, फुटवा आणणारी पेस्ट लावायची. इथला हंगाम कात्री ठरवते.

मग दुसरं पीक का सोडलं? पावसापायी. एप्रिलच्या छाटणीवर घड धरले तर ते ऐन पावसाळ्यात पिकणार, आणि डावणी या बुरशीरोगापासून मणी तडकण्यापर्यंत सगळं एकदम अंगावर येणार. म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीतून नुसती काडी तयार करायची. तिच्या डोळ्यांत 40 ते 60 दिवसांत सूक्ष्मघड धरतो. तेव्हा आभाळ भरून राहिलं, की फेब्रुवारीचा घड तिथेच हुकला. ऑक्टोबरची गोडी छाटणी आत असेल तेच बाहेर काढते.

लाल वाइनला भारी जमीन मानवत नाही, हे आमच्याकडे लवकर पटत नाही. काळीभोर ती उत्तम, असंच ऐकत आलोय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. कापसाला छान. द्राक्षवेल मात्र तिच्यात पाला माजवते, मणी टपोरे करते. खायच्या द्राक्षात टपोरा मणी म्हणजे पैसा, वाइनला तोटा. शिराझ या वाइनच्या वाणाचा काळा मणी चिमटीत दाबून बघा, रस पांढरटच निघतो. रंग सगळा सालीत. मणी बारीक, तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. त्यामुळे उथळ मुरमाड रान आणि ठिबक बरं. चुनखडी फार असली तर लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम करतात तो, बहुधा डॉगरिज या अमेरिकन जातीचा. युरोपने अमेरिकन खुंट घेतला तो मुळं पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीमुळे, आपण घेतला क्षार आणि पाण्याच्या ताणामुळे.

खरी गंमत जानेवारीत. हिरवा कडक मणी मऊ पडतो, रंग धरतो. बागायतदार म्हणतात, ‘पाणी उतरलं’. साखर चढते, आम्ल उतरतं, सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साठतं. पारा 35 अंशांपुढे गेला की रंग धरणं मंदावतं. रात्रीही उकाडा राहिला तर मॅलिक आम्ल जास्तच जळतं आणि वाइन फिकी, बेचव होते. जानेवारीत जालन्याची रात्र 10-12 अंशांवर येते. ती गाठायची म्हणूनही कात्री ऑक्टोबरात; छाटणी लांबली की मणी मार्चच्या उन्हात सापडतो.

माझ्या मावसभावाची बाग जालना जिल्ह्यातल्या कडवंचीच्या बाजूला. बहुतेक खायची द्राक्षं, वाइनच्या मोजक्याच ओळी. गेल्या जानेवारीत तिथे एकाच घडात हिरवे, गुलाबी, जांभळे मणी होते. त्याने एकाचा रस साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टिपला: 17 ब्रिक्स, म्हणजे साधारण 17 टक्के साखर. वाइनला 23-24 लागतात, तेव्हा कुठे 13 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं.

‘नुसत्या साखरेवर जाऊ नको,’ तो म्हणाला. बी तपकिरी झाली नाही तर तिचा तुरटपणा कच्चाच राहतो. मणी तोंडात टाकून त्याने बी तळहातावर काढली. हिरवीच होती.