झिंक क्रोमेट की इंटीरियर ग्रीन? जुन्या लढाऊ विमानाच्या आतला हिरवा

सांगलीत विमानांची प्लास्टिक मॉडेलं जोडणारी मंडळी मोजकीच, पण वाद भरपूर. त्यातले निम्मे वाद कॉकपिटच्या हिरव्यावरून. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानाच्या आत झिंक क्रोमेट मारायचा की इंटीरियर ग्रीन? दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की एक फिका, एक गडद, एवढाच फरक वाटतो. खरा फरक छटेचा नाहीच.

झिंक क्रोमेट हा प्रायमर. ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून लावायचा. ओल लागली की त्यातलं क्रोमेट थोडं थोडं विरघळतं आणि धातूवर संरक्षक थर धरतं. त्याचा मूळ रंग पिवळा, मार्केट यार्डातल्या हळदीत किंचित हिरवी झाक उतरावी तसा. थर पातळ, अर्धपारदर्शक. एकच हात मारला तर खालचा धातू डोकावतो आणि रंग हिरवट दिसतो, दोन हात मारले की पिवळा. पुष्कळदा दुसऱ्या हातासाठी त्यात काळा मिसळत, म्हणजे कुठे हात फिरला आणि कुठे राहिला ते रंगाऱ्याला कळे. मग तो पोपटी-हिरवा होई. हे मिश्रण कारखान्यागणिक बदलायचं. त्यामुळे ‘अस्सल झिंक क्रोमेट हिरवा हाच’ असं बाटली दाखवून कोणी सांगू लागलं तर मी विषय बदलतो.

इंटीरियर ग्रीन ही मात्र ठरवून दिलेली छटा. सप्टेंबर १९४३ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने आणि नौदलाने विमानांच्या रंगांची सामाईक यादी काढली, त्यात हिचा क्रमांक ६११. पुढच्या फेडरल स्टँडर्ड ५९५ या अमेरिकी सरकारी रंगयादीमध्ये तिच्या सर्वांत जवळचा क्रमांक ३४१५१. यातला ३ म्हणजे बिनचमक, ४ म्हणजे हिरवा. मातकट, दबलेला हिरवा. गोंधळ इथेच होतो, कारण हा रंगही बऱ्याचदा क्रोमेटमध्ये काळा वाढवूनच बनवत. एकाच डब्यातून प्रायमरही निघे आणि कॉकपिटचा रंगही.

शिवाय आतलं सगळं हिरवंच असतं हेही खरं नाही. पी-४७ थंडरबोल्टचं कॉकपिट याहून गडद, काळपट हिरवं असे. अनेक बाँबर विमानांच्या पोटात रंगच नसे, नुसता चकचकीत धातू. स्पिटफायरच्या आतला ब्रिटिश करडा-हिरवा तर वेगळ्याच घराण्यातला.

मॉडेल सोडून खऱ्या विमानाकडे वळलं की काम आणखी किचकट होतं. कानपूरला टाकून दिलेली बी-२४ लिबरेटर ही अमेरिकन बाँबर विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत उडवली. त्यातलं एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. इतकी वर्षं सेवेत राहिलेल्या विमानाच्या आत दिसणारा रंग शेवटच्या रंगाऱ्याचा असू शकतो, कारखान्याचा असेलच असं नाही. संग्रहालयात जाऊन फोटो काढून आणला आणि तोच पुरावा मानला, ही आपल्याकडची लाडकी पळवाट. नव्याने सजवलेल्या विमानात तर सरसकट एकच हिरवा फासलेला असतो.

पुरावा शोधायचा तो ब्रश न पोहोचलेल्या जागी: इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या मागे, रिव्हेट मारलेल्या ब्रॅकेटखाली, माहितीपट्टीच्या आड. जाणकार तिथे बारीक पॉलिश पेपर पाणी लावून उतरत्या कडेने घासतात, म्हणजे सगळे थर वर्तुळांसारखे उघडे पडतात. धातूला चिकटलेला पिवळा किंवा पोपटी थर प्रायमरचा. त्याच्या लगेच वरचा मातकट हिरवा बहुधा मूळ रंग. त्यावरचं पुढच्या ओव्हरहॉलचं. नमुना रंगपट्ट्यांशी ताडायचा तो दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली हिरवा फसवतो, आणि जुनी रंगीत छायाचित्रंही. कोरडं घासणं मात्र कटाक्षाने टाळायचं: या धुळीतलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं.

मॉडेलपुरतं बोलायचं तर आधी विमानाचा कारखाना आणि वर्ष बघा, बाटली नंतर उघडा. बऱ्याच पी-५१डी मस्टँगमध्ये कॉकपिट इंटीरियर ग्रीन, चाकाच्या कप्प्यातली मागची स्पार (पंखातली आडवी तुळई) क्रोमेट पिवळी आणि उरलेला कप्पा उघडा धातू असे. एका विमानाला तिन्ही लागतात.